उंबरठ्याचा गुण

"ती काठी उचला आधी," बुश्ता दलाल म्हणाला. "काठी दिसली की गिऱ्हाईक विचारणार, काठी कुणाची? आणि कुणाची ते कळलं की गिऱ्हाईक आल्या पावली परत."

ताम्मूने काठी उचलली आणि कोळशाच्या पोत्यामागे टाकली. नवऱ्यासाठी हौसेने आणलेली काठी. चार दिवस टेकून बघितली त्याने, मग भिंतीला लावून ठेवली ती ठेवलीच.

"औषधांच्या बाटल्या?"

"वर नेल्या."

"सगळ्या? एक जरी राहिली ना, लाल्ला, तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

मोरोक्कोतल्या मेकनेसच्या जुन्या शहरात घर विकायचं तर बुश्ताशिवाय पान हलत नसे. जिभेवर साखर आणि डोळ्यांत तराजू, असा माणूस. सकाळी येऊन त्याने 'लाल्ला, लाल्ला', म्हणजे बाईसाहेब, बाईसाहेब करत ताम्मूला नुसतं नाचवलं होतं. दाराची पितळी कडी लिंबाने घासायला लावली. उंबरठ्याच्या बाजूंना चुना मारायला लावला. परसातली पुदिन्याची कुंडी उचलून चौकाच्या मधोमध आणून ठेवली. तंदूरवाल्याला निरोप दिला, की पाव दुपारच्या नमाजानंतरच पाठव, गरम गरम, वास दरवळला पाहिजे. बैठकीच्या गाद्यांवर शेजारच्या घीताकडून मागून आणलेल्या जरीच्या उश्या रचल्या. आणि चौकातल्या ओल आलेल्या भिंतीवर घीताच्याच लग्नातला मखमलीचा पडदा खिळे मारून टांगला, असा झोकात, की बघणाऱ्याला वाटावं, या घरात रोजच लग्न असतं.

हे सगळं कशासाठी? उंबरठ्यासाठी. जुन्या शहरातली माणसं घर बघायला आली की भिंती नंतर बघतात, आधी उंबरठा बघतात. माणसाचा पायगुण, तसा घराचा उंबरठा. मालकाची भरभराट झाली, मुलंबाळं झाली, आता घर पुरेना म्हणून तो मोठ्या घरात निघालाय, असं असेल तर उंबरठा लाभाचा. मग भिंत पडकी असली तरी चालते. आणि घरात आजारपण असेल, पाळणा हलला नसेल, तर ते घर फुकट दिलं तरी कुणी घेत नाही. या सगळ्या भाकडकथा आहेत असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. तेही घर बघायला येतात ते आईला बरोबर घेऊनच.

आणि ताम्मूच्या घरात पाळणाही हलला नव्हता आणि आजारपण तर माडीवर पलंगावर पडून होतं.

तिचा नवरा अल्लाल कापडाचा व्यापारी. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात दुकान बंद करून आला, जिना चढायला लागला आणि अर्ध्या जिन्यात कोसळला. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्दाऐवजी एक घोगरा, वाकडा आवाज यायचा. त्या आवाजाची त्याला इतकी लाज, की सख्खा भाऊ फेस शहरातून भेटायला आला तेव्हाही हा भिंतीकडे तोंड करून ओठ घट्ट मिटून पडून राहिला. भाऊ रडत परत गेला. फक्त ताम्मूपुढे तो कधीमधी आवाज काढायचा, तोही डोळे मिटून.

खाली आणायचा तर खालच्या खोल्यांना ओल. डॉक्टरने बजावलं होतं, याला दमट हवेत ठेवाल तर हिवाळा निघणार नाही. आणि रोज उचलून खाली-वर करायचं तर अल्लाल कुणाला हात लावू द्यायचा नाही. चांगला होता तेव्हा त्या अरुंद जिन्यावरून तो नेहमी म्हणायचा, "इथनं माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर एकदाच उतरतो, ताम्मू." तेव्हा ती हसायची. आता तेच वाक्य तो डोळ्यांनी म्हणायचा. तेव्हापासून त्याने गल्ली बघितली नव्हती. ज्या माणसाला बाजारात शंभर जण अदबीने 'सी अल्लाल' म्हणून हाक मारायचे, त्याला आता फक्त छताच्या तुळया दिसत होत्या.

नव्या वस्तीत एक घर ताम्मूने बघून ठेवलं होतं. छोटंसंच, पण तळमजल्यावर, कोरडं ठणठणीत, रस्त्याला लागून. दारापुढे एकही पायरी नाही आणि खिडकीसमोर चहाचं दुकान. खुर्ची दारात लावली की दिवसभर माणसंच माणसं. त्या घराचा मालक बकरी ईदपर्यंत थांबायला तयार होता, पुढे नाही. आणि ईद तर तोंडावर आली होती. गल्लीतल्या एकूण एक छतावर मेंढे बांधले होते आणि त्यांनी बें बें करून कान किटवले होते.

सकाळी ताम्मू अल्लालला सांगायला वर गेली, तेव्हा तो मखमलीचा पडदा तिच्या खांद्यावरच होता.

"अहो, आज माणसं येणार आहेत घर बघायला. बुश्ता म्हणतो, तुम्ही तांजिअरला गेलाय म्हणून सांगायचं. जरा वेळ गप पडून राहायचं, बस्स. खोकला आला तर उशीत तोंड घाला."

अल्लालने तिच्याकडे बघितलं. मग खांद्यावरच्या पडद्याकडे. पडदा कशाला हवाय ते त्याला कळायला वेळ लागला नाही. या माणसाने जन्मभर कापड विकलं ते खोट आधी दाखवून. ठाण उलगडायचा तो डागाच्या बाजूने. "खोट बघूनही जो घासाघीस करायला बसतो, तोच घेणारा," असं म्हणायचा. बाजारात त्याला वेडा म्हणायचे आणि कापड त्याच्याचकडून घ्यायचे.

"असं बघू नका हो माझ्याकडे," ताम्मू म्हणाली. "मला काय हौस आहे?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ना हो म्हटलं, ना नाही. तेच घेऊन ती पडद्यासकट खाली आली.

दुपारी दाराची कडी वाजली. बुश्ताने गिऱ्हाईक आत घेतलं, जणू वऱ्हाडच उतरवून घेत होता.

घेणारा मुलगा जवाद. भाजीच्या घाऊक बाजारात पेटाऱ्यांचा धंदा करणारा, आडव्या अंगाचा, हसऱ्या तोंडाचा. त्याची काही भीती नव्हती. भीती होती ती त्याच्या आईची. हज करून आलेली ती म्हातारी, हाज्जा बातूल, दारातच थांबली. चुना मारलेल्या बाजू बघितल्या, वाकून उंबरठ्याच्या दगडावरून बोटं फिरवली, मग अल्लाचं नाव घेऊन उजवा पाय आत टाकला. खेड्यातली बाई, हातावर जुनं गोंदण, आणि डोळे असे की सुईच्या नेढ्यातून पलीकडचं बघतील.

"चुना ओलाय अजून," ती म्हणाली.

"ईद आली ना, हाज्जा!" बुश्ता म्हणाला. "लाल्ला ताम्मू दर ईदेला मारते. हौशी बाई!"

ताम्मूने पाहुण्यांना बैठकीत बसवलं. शेजारच्या घीताचं तान्हं बाळ तिने आपलंच असल्यासारखं मांडीवर घेतलं. ती आज्ञाही बुश्ताचीच. घीता चहाचं तबक घेऊन दाराशी उभी राहिली, मोलकरीण असल्यासारखी. गरम पाव आला, वास दरवळला, उदाचा धूर वर चढला. सगळं कसं बुश्ताच्या मनासारखं.

"मालक कुठायत?" हाज्जाने विचारलं.

"तांजिअरला." ताम्मूला स्वतःचाच आवाज परका वाटला. "धंद्यात बरकत आली. तिकडे मोठं घर घेतलंय. म्हणून हे काढतोय."

"बरकत!" बुश्ताने री ओढली. "या उंबरठ्यात आलेला माणूस रिकामा गेला नाही कधी."

"आणि हे?"

"नातू," ताम्मू म्हणाली.

हे ती सहज म्हणून गेली. जन्मात तिने हा शब्द कुणाला उद्देशून वापरला नव्हता. नेमकं त्याच वेळी बाळाने भोकाड पसरलं आणि घीताकडे दोन्ही हात केले.

"नातू आजीला ओळखत नाही वाटतं," हाज्जा चहाचा घोट घेत म्हणाली.

"दात येतायत त्याला," घीता घाईघाईने म्हणाली आणि बाळ घेऊन चालती झाली. बुश्ताने रुमालाने मान पुसली.

म्हातारी उठून फिरायला लागली. स्वयंपाकघर बघितलं, विहिरीत डोकावली, खोल्यांची दारं उघडझाप करून बघितली. मखमली पडद्यापुढे थांबली. "झकास आहे," हाज्जा म्हणाली आणि पुढे गेली. जवादने आईच्या पाठीमागून बुश्ताला डोळ्यानेच सांगितलं, जमतंय. ताम्मूला ते दिसलं. जमतंय. ईदनंतर खुर्ची, खिडकी, चहाचं दुकान. या अल्ला, एवढं पार पडू दे.

आणि माडीवर काहीतरी धाडकन पडलं.

चौक वरपर्यंत उघडा, त्यामुळे आवाज घरभर घुमला. माडीच्या कठड्यावरची माती भुरभुरत पुदिन्यावर पडली. सगळ्यांच्या माना वर.

"काय गं ते?" हाज्जाने विचारलं.

ताम्मूला कळलं. अल्लाल पडला होता. पलंगावरून पडला होता, डोकं कुठे आपटलं असेल अल्ला जाणे, आणि ती इथे चहाची किटली धरून उभी होती.

"मेंढा!" बुश्ता म्हणाला. धन्य त्या माणसाची. जीभ काही अडखळली नाही. "ईदचा मेंढा बांधलाय वर. दांडगा आहे, दोर तोडायला बघतो मेला."

"मेंढा?" हाज्जाने कमरेवर हात ठेवले. "मी जन्मले मेंढरांत. अख्ख्या गल्लीतले बोंबलतायत सकाळपासून, मग तुमच्याचीच काय दातखीळ बसलीय?"

दातखीळ. ताम्मूच्या काळजात सुरी फिरली.

बुश्ता हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. जवादही वर बघायला लागला. बाहेरचे मेंढे एकदम गप्प झाल्यासारखे वाटले. म्हातारी जिन्याकडे एक पाऊल सरकली.

"बघू तरी कसा आहे तो."

तेवढ्यात वरून आवाज आला.

"बेंऽऽऽ."

घोगरा, वाकडा, घशातून ओढून काढलेला. मग जवाद खदाखदा हसला. "झालं समाधान, आई? आवाजावरून तर तगडा वाटतोय!"

"पठ्ठ्या आहे पठ्ठ्या!" बुश्ताच्या जिवात जीव आला.

"बेंऽऽऽ," वरून पुन्हा. आधीपेक्षा मोठ्याने. कुणाला शंका राहायला नको म्हणून.

हाज्जाही हसली. बैठकीत येऊन टेकली आणि पेला पुढे केला. "भर गं बाई. चहा चांगला केलायस." बुश्ताने ताम्मूकडे बघून डोळे मिचकावले. म्हणजे झालं. सौदा झाल्यातच जमा. आता फक्त चहा ओतायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं तिला.

ताम्मूने किटली वाकडी केली आणि चहा पेल्याबाहेर सांडला. जो माणूस सख्ख्या भावापुढे तोंड उघडत नव्हता, तो परक्या माणसांना ऐकू जाईल असा ओरडत होता. जनावरासारखा. तिच्या खोट्याला टेकू द्यायला. आणि लोक हसत होते.

"बेंऽऽ—"

"तो मेंढा नाही," ताम्मू म्हणाली. किटली तिने खाली ठेवली. "माझा नवरा आहे तो."

"लाल्ला!" बुश्ताने कपाळावर हात मारला.

पण ती ऐकायला थांबलीच नाही. गुडघे दुखत होते, तरी धावत जिना चढली.

अल्लाल दाराजवळ जमिनीवर पडला होता, गाल फरशीला टेकलेला. वाऱ्याने दार उघडलं होतं. आपण कुणाला दिसू नये म्हणून ते लोटायला तो उठायला गेला होता. तिला बघून त्याचे डोळे रागाने मोठे झाले. ही इकडे कशाला आली? डाव्या हाताने त्याने तिला ढकलल्यासारखं केलं. जा, जा खाली. आणि तिच्या तोंडावर आणखी एकदा, "बेंऽऽ".

"पुरे," ताम्मूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पुरे हो. सांगितलं मी त्यांना. पुरे आता."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू मिटलं, आणि तो रडायला लागला. तीही रडायला लागली.

जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. हाज्जा बातूल एकेक पायरी चढत वर आली, मागे जवाद. म्हातारी दारात उभी राहून बघत राहिली. हसू केव्हाच मावळलं होतं.

"कुठं झालं हे याला?"

"बाजारात!" खालून बुश्ता ओरडला. "बाजारात झालं, हाज्जा! घरात नाही!"

"याच जिन्यात," ताम्मू म्हणाली. "तुम्ही आत्ता चढून आलात ना, तिथंच. दोन हिवाळे झाले. आणि ते पोर माझं नाही, शेजारणीचं आहे. आम्हाला मूलबाळ नाही. तांजिअर मी डोळ्यांनीसुद्धा बघितलेलं नाही. उश्या उसन्या आहेत. झालं? आता बघा काय बघायचं ते."

हाज्जा शेवटच्या पायरीवर मटकन बसली. खाली बुश्ता कुणाकुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

"उचल त्यांना," म्हातारी मुलाला म्हणाली. "बघत काय उभा राहिलास?"

जवादने अल्लालला उचललं, ते अगदी अलगद. पलंगाकडे वळला, तर अल्लालने डाव्या हाताने त्याची कॉलर धरली. मान हलवली. मग ती मान जिन्याकडे वळवली आणि तिकडेच बघत राहिला.

"खाली?" ताम्मूला विश्वास बसेना. "अहो, तुम्हीच म्हणत होता ना, इथनं माणूस एकदाच—"

त्याने तिच्याकडे बघितलं. आणखी कसली लाज शिल्लक ठेवायची आता, असं होतं त्या बघण्यात.

"पाठीवर घेतो, काका," जवाद म्हणाला. "रोज याहून जड पेटारे उतरवतो मी. घट्ट धरा."

ताम्मू पुढे, त्यांच्यामागे हाज्जा भिंतीला धरून. एकेक पायरी. ज्या पायरीवर तो कोसळला होता तिथे अल्लालने डोळे मिटले, आणि पुढच्या पायरीवर उघडले. चौकात आल्यावर ऊन तोंडावर आलं. जवाद दाराकडे निघाला, तेवढ्यात अल्लालने त्याच्या खांद्यावर थाप मारली. थांब.

समोर मखमलीचा पडदा होता.

"नको हो," ताम्मू पुटपुटली. पण तिने त्याचा हात काही धरला नाही.

अल्लालने डावा हात लांब केला, पडद्याची कड मुठीत धरली आणि ओढली. एकदा, दोनदा. खिळे उपटले, पडदा भसकन खाली आला, आणि मागची भिंत उघडी पडली. हिरवी, फुगलेली, पोपडे सुटलेली. दमट वास चौकात पसरला. कापडाच्या दुकानात ठाण उलगडून डाग दाखवावा, तसा अल्लालने भिंतीकडे हात केला आणि म्हातारीकडे बघितलं. बघून घ्या.

"संपलं," बुश्ता पुदिन्याच्या कुंडीशेजारी खाली बसला. "नवरा-बायको दोघांनी मिळून मला जिवंतपणी पुरलं. आता विका घर तुमचं तुम्हीच."

कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. जवादने अल्लालला दारापर्यंत नेलं. ताम्मूने जरीची उशी धावत आणून उंबरठ्यावर टाकली, आणि अल्लाल त्यावर बसला, चौकटीला पाठ टेकून, गल्लीकडे तोंड करून. समोरचा कोळसेवाला हातातलं पोतं टाकून उभा राहिला. "सी अल्लाल? सलाम आलेकुम! अरे, सी अल्लाल आहेत हे!" अल्लालचे ओठ घट्ट मिटले. ताम्मूला वाटलं, आता हा तोंड फिरवणार. पण त्याने तोंड उघडलं आणि त्याच घोगऱ्या, वाकड्या आवाजात काहीतरी उत्तर दिलं. कोळसेवाल्याला ते कळलं असावं, कारण तो येऊन त्याच्या शेजारीच बसला.

आत हाज्जा भिंतीपुढे उभी होती. बोटांनी पोपडा काढला, हुंगला, मुठीने भिंत ठोकून बघितली.

"किती वर्षांची ही ओल?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची," ताम्मू म्हणाली. आता खोटं बोलायला तिच्यात त्राणच नव्हतं.

म्हातारीने हातातला पोपडा खाली टाकला. मग दाराकडे, अल्लालच्या पाठीकडे बघत म्हणाली, "मी ज्या घरात नांदले ना बाई, त्याचा उंबरठा म्हणजे सोनं, असं सगळा गाव म्हणायचा. मुलं झाली, गुरं वाढली, कुणी अंथरूण धरलं नाही. पण माझ्या माणसानं मेला तोवर माझ्यासाठी कधी पाण्याचा पेला उचलला नाही. आणि हा तुझ्यासाठी मेंढा झाला." तिने ओढणीच्या टोकाने बोटं पुसली. "उंबरठा लाभाचा की वाईट, कुणास ठाऊक. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? रात्री झोप लागणार नाही मला."

ताम्मूने मान खाली घातली. खिडकी, खुर्ची, चहाचं दुकान, सगळं तिच्या डोळ्यांपुढून निघून चाललं होतं.

"पण या भिंतीचे किती कमी करणार, ते बोल," हाज्जा म्हणाली.

ताम्मूला आधी कळलंच नाही.

"अगं, बघतेस काय अशी? भिंत खालपासून खरवडायला लागेल. गवंडी लागेल. शिवाय मला न येणारी झोप धर त्यात. आणि त्या दलालाला मध्ये घेऊ नकोस, माझ्याशी बोल."

कुंडीशेजारी बुश्ताने ताडकन मान वर केली.

ताम्मूने दाराकडे बघितलं. अल्लालने मान वळवली नव्हती. कोळसेवाला त्याला गल्लीतली काहीतरी बातमी सांगत होता. पण ऐकत तो इकडचंच होता. पाठमोऱ्यानेच त्याने डावा हात वर केला आणि दोन बोटं किंचित हलवली. दुकानात गिऱ्हाईक फार ताणायला लागलं की तो दुकानातल्या पोऱ्यांना अशीच खूण करायचा: थोडं सोडा, फार नको.

"थोडंच सुटेल, हाज्जा," ताम्मू डोळे पुसत म्हणाली. "फार नाही. बसा, चहा गरम करते."